सतरा नंबरचा बॅज

“जे कुणाला दिसत नाही ते मी पाहतो. ज्याला वास नाही, त्याचा वास पहिल्यांदा मला येतो. इतर गुप्तहेरांचे गुन्हेगार दोन पायांचे. पळून पळून पळणार किती? माझा गुन्हेगार भिंतीतून आरपार जातो आणि जाताना दारही वाजवत नाही. त्याला पकडायला पाय लागत नाहीत, डोकं लागतं!”

विद्यापीठाच्या अणुभट्टीवर नवे विद्यार्थी आले की सुरक्षासाहेब त्यांना हे भाषण देत. ‘डोकं’ या शब्दाला ते स्वतःच्या कपाळाला बोट लावत, त्या बोटाने कपाळावर चढवलेला चष्मा घसरे आणि खाली पडे. दर वर्षी, त्याच शब्दाला. चष्मा उचलून देण्याचं काम मोजणीताईंचं.

मोजणीताई चौदा वर्षं त्यांच्या मदतनीस होत्या. मीटर घेऊन इमारतभर फिरायचं, साहेबांनी जमिनीवर रंगवून घेतलेल्या प्रत्येक लाल ठिपक्यावर उभं राहून किरणोत्सर्ग मोजायचा आणि वहीत लिहायचा. बहुतेक ठिकाणी लिहायचं ते एकच: काही नाही. ताईंना हे काम आवडे. घरी नवऱ्याला ‘काय झालं?’ विचारलं की तोही ‘काही नाही’च म्हणे, पण ते मोजून बघायची सोय नव्हती.

साहेबांना मात्र ‘काही नाही’ सोसत नसे. आपल्या इमारतीत गुन्हा घडत नाही म्हणून हिरमुसणारा असा सुरक्षा अधिकारी शोधून सापडला नसता. त्यांच्या गळ्यात सदोदित मीटर लटकलेलं असे आणि ते टिकटिक करी, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना टिकटिकसाहेब म्हणत. फक्त स्वतःच्या खोलीत शिरताना ते मीटरचा आवाज बंद करत. “विचारात फार व्यत्यय येतो,” म्हणत. त्या खोलीत ताईंच्या मीटरला प्रवेश नव्हता आणि मावशींच्या झाडूलाही नव्हता. पुरावे हलतील, असं कारण होतं. दोन वर्षं पुरावे न हलल्यामुळे खिडकीतून पलीकडचं झाड दिसेनासं झालं होतं.

त्यांच्या नावावर एकच खरी शिकार जमा होती. दोन महिन्यांपूर्वी वर्कशॉपच्या भिंतीवर त्यांना एक जुनं घड्याळ सापडलं. पूर्वी काट्यांना आणि आकड्यांना रेडियमचा रंग लावत, अंधारात हिरवे चमकायचे, तसलं. मिस्त्री बिचारे म्हणाले, “अहो, ते माझ्या आधीपासून इथे आहे. वेळसुद्धा चुकीची दाखवतं.” साहेबांनी घड्याळ काखोटीला मारलं आणि फॉर्म भरला: ‘आरोपीची रवानगी शिशाच्या कोठडीत करण्यात येत आहे.’ शिशाची कोठडी म्हणजे तळघरातलं जाड दाराचं एक कपाट. पण ‘आरोपी’ लिहिताना साहेबांचं अक्षर आयुष्यात प्रथमच सुंदर आलं होतं, म्हणून ताईंनी काही म्हटलं नाही.

आणि मग एका मंगळवारी सकाळी लिफाफा आला.

भट्टीवर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर एक छोटा बॅज असतो. अंगावर किती किरणं पडली ते तो मुकाट्याने साठवतो, शहाण्या माणसाने टोमणे साठवावेत तसा. महिना संपला की बॅज बाहेरच्या प्रयोगशाळेत जातो आणि तिथे सगळं ओकून टाकतो. रोज घरी जाताना तो बोळातल्या प्लायवुडच्या भिंतीवर आपापल्या नंबराच्या हुकाला टांगायचा. सात हुकांच्या पाच ओळी, एकूण पस्तीस. सतराव्याचा हुक मोडला होता. ताईंनी स्टोअरला तीन अर्ज पाठवले, तिसऱ्या अर्जावर ‘पहिला अर्ज मिळाला’ असं उत्तर आलं. पण अखेर तिथे कुणीतरी खिळा मारलेला दिसला, आणि स्टोअरवरचा ताईंचा विश्वास थोडा परतला.

अहवालात तीस नावांपुढे ‘नगण्य’ असं लिहिलं होतं. चार जणांपुढे अर्ध्याच्या आसपासचे आकडे. आणि सतरा नंबरपुढे तीन पूर्णांक दोन मिलिसिव्हर्ट. अंगावर पडलेली किरणं याच मापात मोजतात.

“ताई!” साहेब ओरडले. त्यांच्या चेहऱ्यावर चिंता होती, पण ती आनंदावर घाईघाईने पांघरलेली. पाय उघडे राहिलेले दिसत होते.

सतरा नंबर म्हणजे मावशी. बावीस वर्षं भट्टीचा हॉल पुसणाऱ्या. भट्टीच्या टाकीतल्या पाण्याचा निळा उजेड पाहून प्राध्यापकही दरवेळी हळू आवाजात बोलत, पण मावशी त्या उजेडात फरशीवरचे बुटांचे ठसे शोधत. तीन पूर्णांक दोन हा आकडा काही जीव घेणारा नव्हता. दवाखान्यात पोटाचा मोठा स्कॅन काढला तर त्याहून जास्त. पण नियम म्हणजे नियम: कारण सापडेपर्यंत मावशींना हॉलमध्ये जायला बंदी. शुक्रवारी चार वाजता समितीची बैठक. तोवर कारण कळलं नाही, तर त्यांच्या कायमच्या नोंदीत तो आकडा चढणार आणि पुढे लिहिलं जाणार, ‘कारण अज्ञात’.

“साहेब, आधी त्या हुकांपाशी मोजून बघू या का?” ताई म्हणाल्या. “बॅज दिवसाचे सोळा तास तिथेच असतात. आणि बोळात आपला एकही लाल ठिपका नाही.”

“ताई, ताई,” साहेब कीव येऊन म्हणाले. “गुन्हेगार इतका सोपा असता, तर माझी गरज काय होती?”

हा प्रश्न ताईंनाही अधूनमधून पडे. त्यांचं स्वतःचं मीटर नेमकं वार्षिक तपासणीला गेलं होतं, आणि साहेबांच्या गळ्यातलं उतरवायचं तर आधी त्यांना भूल द्यावी लागली असती.

चौकशी बुधवारी सकाळी चहाच्या खोलीत झाली. साहेबांनी टेबलावरचा दिवा मावशींच्या तोंडावर रोखला.

“साहेब, बल्बवर किती धूळ बसलीय!” मावशींनी खिशातला रुमाल काढून बल्ब पुसला. उजेड दुप्पट झाला आणि साहेबांच्याच डोळ्यांवर आला.

“या महिन्यात,” साहेब डोळे मिचकावत म्हणाले, “दातांचा एक्स-रे काढलात? बॅज लावून?”

“माझे दात वाटीत असतात साहेब. माझ्या माघारी त्यांचा कुणी काढला असेल तर मला ठाऊक नाही.”

“विमानाने कुठे गेलात? एक्स-रेतून जाणाऱ्या पेटीत बॅज ठेवून?”

“बसने बहिणीकडे गेले होते. उभ्याने.”

साहेबांनी वहीत लिहिलं: ‘संशयित फारच तयारीची आहे.’

चौकशी संपल्यावर ताई मावशींच्या शेजारी बोळातल्या बाकावर जाऊन बसल्या. मावशी हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. त्यांना रिकामं बसलेलं ताईंनी चौदा वर्षांत पाहिलं नव्हतं.

“मावशी, तुम्हाला खरंच काही झालेलं नाही. मी सांगते ना.”

“मला कुठे भीती वाटतेय, ताई? पण कुणीतरी घरी फोन करून सांगितलं. सूनबाई म्हणाली, आई, कागद येईपर्यंत बाळाला घेऊ नका.” मावशी फरशीकडे बघत राहिल्या. “चार महिन्यांची आहे हो. माझ्या खांद्याशिवाय झोपत नाही. काल दोन तास रडली आणि मी पलीकडच्या खोलीत उशीत तोंड घालून पडले होते.”

“मी बोलू का त्यांच्याशी?”

“नको. सून वाईट नाही, घाबरलीय. तिच्या जागी मी असते तर मीही असंच केलं असतं. तिला कागद हवाय. कारण लिहिलेला. आणि ‘कारण अज्ञात’ असा कागद नेला, तर पोरगी शाळेत जाईपर्यंत मला तिच्या जवळ जाऊ देणार नाही.”

ताई उठल्या त्या थेट साहेबांच्या दारावर. “साहेब, शुक्रवारच्या आत सापडलंच पाहिजे.”

“सापडलं आहे!” आतून आवाज आला, आणि साहेब दार जेमतेम फटीएवढं उघडून, आडवे होऊन बाहेर आले. “ही एकटीदुकटीची करणी नाही. टोळी आहे! उरलेले चार आकडे बघा. सोळा, भट्टीचालक. अठरा, ती पीएचडीवाली. दहा, वर्कशॉपचे मिस्त्री. आणि चोवीस म्हणजे...”

साहेब थांबले. चोवीस म्हणजे मोजणीताई.

“चौदा वर्षं,” ते कापऱ्या आवाजात म्हणाले. “चौदा वर्षं मी माझा चष्मा तुमच्या हातून घेत आलो.”

“साहेब, मला शून्य पूर्णांक चार आलंय.”

“सुरुवात अशीच होते.”

लगेच टोळीवर छापा पडला. छापा गुप्त हवा म्हणून साहेबांनी मीटरचा आवाजही बंद केला. साहेबांनी बोळातल्या पाचही हुकांजवळ आकड्यांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि लाल दोऱ्याने ते पाच हुक एकमेकांना जोडले. बॅज काढताना सगळ्यांची बोटं दोऱ्यात अडकू लागली. मग साहेबांनी मिस्त्रींना गाठलं, कारण मिस्त्रींकडे हेतू होता: सूड.

“घड्याळ जप्त केलं म्हणून तुम्ही पेटून उठलात!”

“नाही हो साहेब,” मिस्त्री म्हणाले. “उलट ते गेल्यापासून मी वेळेवर घरी जातो. बायको तुम्हाला दुवा देते.”

सूड बारगळला. भट्टीचालक बोलेना, कारण तो कधीच बोलत नसे. पीएचडीवालीने तिच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण साहेबांना समजावून सांगायला घेतलं, तेव्हा साहेबांनीच जबाब आटोपता घेतला. पण अकराच्या चहाला त्यांची नजर टेबलावर गेली आणि चष्मा आपोआप कपाळावर चढला. टोळीतले पाचही जण केळी खात होते!

“केळ्यात पोटॅशियम, पोटॅशियममध्ये किरणोत्सर्ग!” साहेबांनी फणीच्या फणी उचलली. “पुरावा खाऊन टाकायची काय ही युक्ती!”

ताईंनी पाठकोऱ्या कागदावर हिशोब केला. “साहेब, तीन पूर्णांक दोनला बत्तीस हजार केळी लागतील.”

“महिन्याला?”

“दिवसाला हजारच्या वर. मावशींना फरशी पुसायला वेळ उरणार नाही.”

“पण *अशक्य* नाही ना?” साहेब म्हणाले, आणि नमुना म्हणून त्यांनी स्वतःच दोन केळी तपासून संपवली.

गुरुवारी साहेबांनी शेवटचं अस्त्र काढलं. कुणीतरी दुपारच्या सुट्टीत मावशींचा बॅज चोरून भट्टीजवळ नेत असणार, असा त्यांचा नवा निष्कर्ष होता. चोराला रंगेहाथ पकडायचं. बोळाच्या टोकाला एक आपत्कालीन शॉवर होता; अंगावर काही भलतंसलतं सांडलं तर पळत यायचं आणि साखळी ओढायची, की छतातून हौदच्या हौद रिकामा. साहेब साडेबारा वाजता पांढरा अंगरखा, डोक्याला टोपडं आणि पायात प्लास्टिकच्या पिशव्या घालून त्या शॉवरच्या पडद्यामागे उभे राहिले. दुरून ते शॉवरमध्ये राहणाऱ्या भुतासारखे दिसत होते. जवळूनही.

एक वाजता पीएचडीवाली आली. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि हळूच खिशात हात घातला.

“सापडलीस!” साहेबांनी झेप घ्यायला आधार म्हणून वर हात घातला. हाताला साखळी लागली.

पुढचं मिनिटभर बोळात फक्त पाण्याचा आवाज होता. पीएचडीवालीची किंकाळी त्यात वाहून गेली. तिच्या हातातून छाप्यातून वाचवलेलं एकुलतं एक केळं गळून पडलं आणि तरंगत तरंगत साहेबांच्या पायापाशी जाऊन, जणू शरण आल्यासारखं थांबलं.

“मावशी!” ताईंनी हाक मारली. बोळ काही हॉलमध्ये येत नव्हता, तिथे मावशींना बंदी नव्हती. आणि खरं सांगायचं तर पोछा हातात घेतल्यावर तीन दिवसांत पहिल्यांदा मावशींचे खांदे सैल झाले. त्या पाणी ओढत ओढत भिंतीपर्यंत आल्या आणि कंबर सरळ करायला थांबल्या. समोर बॅज, चिठ्ठ्या, लाल दोरा.

“ताई, ही काय नक्षी?”

“ज्यांच्या बॅजवर आकडे आलेत, त्यांच्या चिठ्ठ्या आहेत. तुमचा सर्वांत मोठा. वरच्या, खालच्या आणि दोन्ही बाजूंच्या हुकांवर थोडं थोडं. त्यापलीकडे काही नाही.”

मावशी जरा मागे सरून बघत राहिल्या. “मध्ये गडद, कडेला फिकं, मग कोरडं,” त्या म्हणाल्या. “ही तर ओल आहे.”

“ओल?”

“भिंतीला ओल आली की अशीच दिसते की. पोपडे इकडे, नळ पलीकडे. इकडून कितीही पुसा, काही होत नाही. पलीकडे काय गळतंय ते बघायचं.” त्यांनी पोछ्याच्या दांड्याने प्लायवुडवर टकटक केलं. “पलीकडे काय आहे इथे?”

सगळे साहेबांकडे वळले. टपटप तेवढी साहेबांच्या टोपड्यातून येत होती.

“पलीकडे माझं कार्यालय आहे,” साहेब म्हणाले. “तिथे माझ्याशिवाय कुणीही जात नाही.”

“म्हणूनच म्हणते,” मावशी म्हणाल्या.

ताईंनी चौदा वर्षांत केलं नव्हतं ते केलं. त्या साहेबांजवळ गेल्या आणि त्यांच्या गळ्यातलं, पिशवीत गुंडाळल्यामुळे कोरडं राहिलेलं मीटर सरळ काढून घेतलं. मग दार उघडून आत गेल्या आणि आवाजाचं बटण चालू केलं.

मीटरने आधी टिक केलं. मग टिकटिक. भिंतीजवळ जाताच ते तव्यावर पाणी पडावं तसं चरचरायला लागलं.

भिंतीवर, साहेबांच्या खुर्चीवरून नीट दिसेल अशा जागी, वर्कशॉपचं हिरव्या काट्यांचं घड्याळ टांगलेलं होतं. खाली सुंदर अक्षरात चिठ्ठी होती: ‘अटकेत’. अजूनही ते वेळ चुकीचीच दाखवत होतं.

मावशींनी घड्याळ जरा बाजूला करून मागे पाहिलं. “अगं बाई! खिळा केवढा मोठा मारलाय. आरपार गेलाय.” मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. “म्हणजे बाहेरचं ते टोक याचंच? एक दिवस भिंतीखाली भुसा पडला होता, मीच झाडला. वर पाहते तर माझ्या मोडक्या हुकाच्या जागी खिळा! मला वाटलं, ताईंनी ठोकून दिला.”

“मला वाटलं, स्टोअरने,” ताई हळूच म्हणाल्या.

म्हणजे महिनाभर, दिवसाचे सोळा तास, मावशींचा बॅज आणि साहेबांचं घड्याळ एकाच खिळ्याला पाठीला पाठ लावून लटकत होते.

“पण मी फॉर्म भरला होता,” साहेब म्हणाले.

“‘करण्यात येत आहे’ असा भरला होता, साहेब.”

साहेब खुर्चीत बसले. खुर्चीतून पाणी निथळू लागलं. “समितीला दाखवून मग पाठवणार होतो,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “चौदा वर्षांत एकच तर सापडलं होतं.”

ताईंना हसू येत होतं, ते त्यांनी गिळलं. मावशींनी पोछा भिंतीला टेकवला आणि टेबलावरच्या, दोन वर्षांच्या धुळीतून चष्मा उचलून, पुसून साहेबांच्या हातात दिला.

“असू दे साहेब. पण मला कागद द्या.”

शुक्रवारी दुपारी घड्याळ खरोखरच शिशाच्या कोठडीत गेलं. ताईंनी स्वतः कुलूप लावून पाहिलं. समितीसाठी साहेबांनी तीन पानी अहवाल लिहिला. त्यात असं होतं की अट्टल गुन्हेगार तपास अधिकाऱ्याच्याच खोलीत दडून बसला होता, यावरून त्याची धूर्तता लक्षात यावी. दुसऱ्या पानावर ओलीचा सिद्धांत होता आणि त्याचा शोध कुणी लावला हे मोघम होतं. ताईंनी तिथे पेन्सिलीने ‘मावशी’ लिहिलं. साहेबांनी ते खोडलं. ताईंनी पुन्हा लिहिलं, या वेळी पेनाने.

मावशींनी अहवाल हातात घेऊन वजन केलं. “साहेब, तीन पानं वाचून होईपर्यंत सून कडेवर बाळ घेऊन उभी राहील का? थोडक्यात लिहा.”

साहेब बराच वेळ कोऱ्या कागदाकडे बघत बसले. थोडक्यात लिहायचं तर खरं लिहावं लागतं, आणि त्याची त्यांना सवय नव्हती. शेवटी लिहिलं:

‘बॅजवर दिसलेला डोस मावशींना मिळालेला नाही. बॅज ज्या खिळ्याला टांगलेला होता, त्याच्या दुसऱ्या टोकाला एक किरणोत्सर्गी घड्याळ होतं. ते मी लावलं होतं. चूक माझी आहे. मावशी पूर्णपणे ठीक आहेत. बाळाला त्यांच्याकडे जरूर द्यावं.’

खाली सही, आणि सहीवर विद्यापीठाचा गोल शिक्का. तो दोनदा मारला. पहिला जरा फिकट उठला होता, आणि सूनबाईला शंका नको.

समितीने चार वाजता मावशींच्या नोंदीतला आकडा काढून टाकला, बोळात नवा लाल ठिपका रंगवायला सांगितला आणि दुसरा साहेबांच्या खोलीत. साहेबांनी दुसऱ्याला थोडा विरोध करून पाहिला.

सोमवारी सकाळी मावशी कामावर आल्या. सतरा नंबरला आता चकचकीत पितळी हुक होता. मिस्त्रींनी स्वतः करून दिलेला. मावशींनी बॅज काढला, छातीवर लावला आणि बादली उचलून हॉलच्या दाराकडे निघाल्या. दारात साहेब उभे होते, गळ्यात मीटर, आवाज चालू.

“थांबा मावशी!” त्यांचे डोळे बारीक झाले. मावशींच्या उजव्या खांद्यावर एक पांढुरका, वाळलेला डाग होता. मध्ये गडद, कडेला फिका. साहेबांनी मीटर पुढे केलं. “हा डाग कसला?”

मीटरने एक आळशी टिक केलं आणि गप्प बसलं.

“असू दे साहेब,” मावशी म्हणाल्या. खांदा त्यांनी जरा सांभाळूनच धरला होता, डाग पुसला जाऊ नये म्हणून. “याचा नळ कुठे गळतोय ते मला ठाऊक आहे.”

ताईंनी वहीत तारीख घातली, आणि सतरा नंबरपुढे नीट, सावकाश लिहिलं: काही नाही.